जलरेखेचा नांगर

माणसाला साडू निवडता येत नाही. लग्न ठरवताना पोरगी पाहतात, तिचे आईबाप पाहतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गुपचूप चौकशी करतात. पण पोरीची धाकटी बहीण पुढे कोणाच्या गळ्यात माळ घालणार आहे, हे कोणी विचारत नाही. माझ्या मेहुणीने संघपाल सुखदेवेच्या गळ्यात घातली आणि तेव्हापासून सणासुदीला माझ्या ताटाशेजारी समुद्र येऊन बसला.

संघपाल तटरक्षक दलात होता. आमच्या गोतावळ्यात नागपूरच्या अंबाझरी तलावापलीकडे कोणाची मजल गेली नव्हती, आणि हा पठ्ठ्या 'जलरेखा' नावाच्या गस्ती जहाजावर रेडिओ सांभाळत होता. मध्ये मध्ये बदल्या झाल्या, पण फिरून फिरून तो तिथेच गेला. जहाज नवंकोरं पाण्यात उतरलं तेव्हाही हा त्यावर होता आणि त्याला पहिला गंज चढला तेव्हाही. निवृत्त होऊन तो घरी आला, मिहानमधल्या एका कंपनीच्या गेटावर सुरक्षा पर्यवेक्षक झाला, तरी जहाजावरून काही उतरला नाही. गेटावर ट्रक आला की हा म्हणणार, "लागला." ट्रक गेला की, "सुटला." भाजीत मीठ कमी पडलं तरी याला समुद्र आठवायचा.

माझा धंदा कळमन्याच्या मार्केटात गाड्या लावून देण्याचा. संत्र्याला गाडी शोधायची आणि गाडीला संत्री. दिवसभर घासाघीस करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या गोष्टी पूर्ण किमतीला घ्यायची सवय नसते. संघपालने एक गोष्ट सांगितली की मी तिच्यातून निम्मी वजा करायचो.

पण एक गोष्ट मी सबंध घेतली, कारण ती त्याच्याच फजितीची होती. एका दुपारी कोकण किनाऱ्याजवळ जलरेखेला एक मोठी होडी दिसली. माणसं खच्चून भरलेली, पताका लावलेल्या, वाजंत्री चालू. संघपालने रेडिओवर विचारलं, कोण आहात? पलीकडून उत्तर आलं, "वऱ्हाड आहे!" याचा जीव हरखला. एवढ्या खाऱ्या पाण्यात शेजारचा मुलूख भेटला होता. त्याने लगेच विचारलं, "वऱ्हाडातले कुठचे गा? अकोल्याचे का अमरावतीचे?" थोडा वेळ नुसती खरखर. मग कोणीतरी सांगितलं, "नवरीकडचे!" तोवर संघपालने वर कप्तानाला कळवून टाकलं होतं, "साहेब, अकोल्याकडचे लोक वाटून राहिले, रस्ता चुकले असतील." पुढे कितीतरी वर्षं जहाजावर कोणी वाट चुकलं की त्याला अकोल्याचा म्हणायचे.

दुसरी एक गोष्ट मात्र तो कधी रंगवून सांगायचा नाही. भर वादळात बुडत्या होडीवरचे मासेमार वर घेऊन जलरेखा परतत होती आणि बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. मागे खडक. नांगर टाकला. तो आधी घसरला, मग तळच्या चिखलात रुतला आणि त्याने धरलं. इंजिन चालू होईपर्यंत सगळं जहाज त्या एका साखळीवर नाचत राहिलं, वाचवलेले आणि वाचवणारे दोघंही. ही गोष्ट सांगताना संघपाल ताटाकडे पाहायचा. त्यातून काही वजा करावं असं मला कधी वाटलं नाही.

आता त्याच्या आईबद्दल सांगतो. सिंधूताई ऐंशीच्या पुढच्या. कुहीच्या पलीकडे त्यांचं गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण आधीच तिथे फार लोक पाहायला यायला लागलेत. सिंधू या नावाचा अर्थ समुद्र, पण बाईने आयुष्यात पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी गोसेखुर्दच्या धरणाचं, तेही एसटीच्या खिडकीतून. बाकी जन्म लोकांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, घोटाभर पाण्यात वाकून धानाचं रोवणं करण्यात गेला. जीभ मात्र कधी वाकली नाही. पोरगा तटरक्षक झाला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "पाण्यावर पहारा? पाणी कोणी चोरून नेते काय गा?"

दुसरा प्रश्न त्या दर सुट्टीला विचारायच्या. "मले तुयं जहाज कधी दाखवतं?"

"पुढच्या सुट्टीत, माय."

पुढच्या सुट्टीत पोरीची परीक्षा असायची, नाहीतर घराचा स्लॅब, नाहीतर जहाजच कुठेतरी लांब. असं करता करता सिंधूताईंचं हृदय कमजोर झालं आणि डॉक्टरने सांगितलं, आता नागपूरच्या पुढे प्रवास नाही. त्याच हिवाळ्यात संघपालला जुन्या सोबत्याचा फोन आला. जलरेखा सेवेतून काढणार, नंतर तोडायला देणार.

संघपालने जेवताना आईला सांगितलं. मी आणि माझी बायको तिथेच होतो. सिंधूताई घास गिळून म्हणाल्या, "बरं झालं. म्हातारी इथं भंगारात, जहाज तिथं भंगारात. दोघीची भेट तेवढी राहिली."

त्या हसल्या, आम्हीही हसलो, संघपाल ताटावरून उठला. मी हात धुवायला बाहेर गेलो तर हा हौदाशी उभा. मला म्हणाला, "साडूभाऊ, मायले जहाज दाखवाचं होतं. आता माय जाऊ शकत नाई. मंग जहाजच आणा लागन."

मी म्हटलं, "कुठं लावशील? नाग नदीत?"

पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि थट्टा तिथेच आवरली. तो खरंच विचार करत होता.

निरोपाच्या समारंभाला जुन्या लोकांना बोलावणं होतं. माझ्या बायकोने मला सोबत पाठवलं, कारण संघपाल एकटा गेला तर तिकडेच पोहत राहील अशी तिला भीती. जहाज धक्क्याला दोरखंडांनी बांधलेलं होतं. पांढरं शुभ्र, पोटावर तिरपा पट्टा. मी वर पाय ठेवला आणि मला ओकारी आली. बांधलेल्या जहाजावर आजारी पडणारा मी पहिलाच, असं तिथल्या एका पोराने मला मोठ्या आदराने सांगितलं.

एका तरुण अधिकाऱ्याने जलरेखेचा सेवेचा इतिहास वाचला. किती समुद्र तुडवला, तस्करांच्या किती होड्या पकडल्या, तेलाचा तवंग कुठे अडवला, किती माणसं पाण्यातून काढली. संघपाल माझ्या कानाशी कुरकुरत होता. "वऱ्हाडाचं गाळलं. इंजिन बंद पडल्याचं एका ओळीत उरकलं. नांगराचं नाव नाई." मग सूर्य बुडता बुडता बिगूल वाजलं आणि झेंडा सावकाश खाली आला. संघपाल उघडउघड रडला. मलाही भरून आलं. पोटात ढवळत होतं म्हणूनही असेल.

चहाच्या वेळी मी जहाजाच्या कप्तानाला गाठलं. विक्रम नावाचा साताऱ्याकडचा गडी, वयाने लहान, बोलायला मोकळा. मी म्हटलं, "साहेब, आम्हाला जहाज पाहिजे."

तो हसला. कळमन्यात समोरचा हसला की सौदा सुरू झाला असं समजतात. मी तोफ मागितली. तो म्हणाला, तोफ दिली तर मला तुरुंगात भेटायला या. मी घंटा मागितली. घंटा मुख्यालयाच्या संग्रहालयात जाणार होती. मी सुकाणूवर आलो. ते आधीच कोणीतरी पळवलं होतं. तेव्हा संघपाल म्हणाला, "सर, नांगर?"

विक्रमने त्याच्याकडे पाहिलं. नांगर दोन होते. एक प्रशिक्षण केंद्रात जाणार, दुसरा जहाजाबरोबर भंगारात. तो म्हणाला, "खासगी माणसाला देता येत नाही. तुमच्या ग्रामपंचायतीने चौकात बसवायला मागितला, आणि तुमच्याकडच्या सरकारी कचेरीने 'हरकत नाही' लिहून दिलं, तर बाकीचं मी वर बोलतो. पण जहाज ओढून न्यायला लवकरच येतील. त्याच्या आत."

गावच्या सरपंच वंदनाताई. रुपराव मालकांची सून. गावातली अर्धी बांधी अजून त्यांचीच. पण बाई कामाची. तिने ऐकून घेतलं, सभेत ठराव केला आणि वरच्या कचेरीत अर्ज पाठवला. विषय होता, 'जलरेखा जहाजाचा नांगर मिळणेबाबत'.

आता तुम्हीच सांगा. ज्याच्या टेबलापासून समुद्र शेकडो कोस आणि वावर खिडकीबाहेर, त्या कारकुनाने हे वाचून काय समजावं? त्याच्या लेखी नांगर म्हणजे नांगर. 'जलरेखा' ही कंपनी असेल, 'जहाज' हा छाप असेल. बैल छाप असतो, हत्ती छाप असतो, तसा हा जहाज छाप. त्याने कागद शेतीच्या टेबलाकडे सरकवला.

आम्ही इकडे वाट पाहतोय, तिकडे विक्रमचे फोन येऊन राहिले, "काही झालं का?" आणि एका सकाळी संघपालच्या दारात मोटारसायकल थांबली. अंकित नावाचा तरुण कृषी सहायक पाहणीला आला होता. मी त्या दिवशी तिथेच होतो. सिंधूताई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या.

"काकाजी, नांगर तुमच्यासाठीच ना?" अंकितने वही काढली.

"पंचायतीच्या नावानं. पन हो, माझ्याचसाठी," संघपाल म्हणाला. त्याला वाटलं, अखेर कोणीतरी मन लावून काम करणारा माणूस भेटला.

"वजन किती असन?"

"अर्ध्या टनाच्या वर."

अंकितचा पेन थबकला. "बाप्पा! ट्रॅक्टरचा असन मंग. फाळ किती?"

"दोन."

"खोल किती जाते?"

"जितकी साखळी सोडली तितका. शंभर फूट तं सहज."

"शंभर फूट?" अंकितने वर पाहिलं, पण साहेबांनी पाठवलंय म्हटल्यावर पुढे विचारणं भाग होतं. "जमीन कशी लागते त्याले?"

"चिखल सगळ्यात चांगला. रेतीत घसरते. खडकात गेला तं निंघत नाई."

इथे अंकितचा चेहरा उजळला. धानाच्या मुलखातला पोरगा, चिखल त्याच्या ओळखीचा. "म्हणजे चिखलणीले चालते."

"चालत नाई. थांबते."

"थांबते?"

"थांबासाठीच असते ना तो!" संघपाल आता रंगात आला होता. "तुफान येऊ दे, काही येऊ दे, एकदा रुतला का हालत नाई."

"काकाजी," अंकित काकुळतीला आला, "जो नांगर चालतच नाई, तो सरकारनं काहून द्यावा?"

सिंधूताईंनी पदर तोंडात कोंबला होता. मीही मजा पाहत होतो. मला कळलं होतं काय घोटाळा झालाय, पण एवढी छान जुंपलेली जोडी सोडायची कशी?

"बरं, जाऊ द्या," अंकित म्हणाला. "सातबारा दाखवा."

संघपालचं तोंड एकदम उतरलं. "सातबारा नाई."

"बापाच्या नावानं? आज्याच्या?"

उत्तर सिंधूताईंनी दिलं. "लिहून घे गा बाबू. सात पिढ्यांत नाई. याचा बाप देवाजी, रुपराव मालकाच्या घरी सालदार होता. सालाच्या करारानं राबे. नांगर आम्ही लई वागवला. पन वावर एक हात नाई."

त्या हे रागाने बोलल्या नाहीत. नाव-गाव सांगावं तसं सांगितलं. तरी मजा पाहत बसल्याची मला लाज वाटली, आणि मला लाज वाटली की मी ओरडतो. मी अंकितवर ओरडलो. "अरे बाबा, जहाजाचा नांगर आहे तो! समुद्रातल्या जहाजाचा! लंगर, लंगर! सातबारा काय समुद्राचा आणू?"

अंकित आधी लाल झाला, मग इतका हसला की मोटारसायकलच्या सीटवर जाऊन बसला. हसू ओसरल्यावर त्याला घाम फुटला. कागद त्याच्या टेबलावर आला होता, म्हणजे त्याच्यावर काहीतरी लिहिणं भागच होतं. नुसता परत पाठवला तर तो कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात हिंडेल आणि जहाजाची पिढी संपली तरी सापडणार नाही, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. त्याने पेनाचं टोपण चावलं आणि लिहिलं, 'प्रत्यक्ष चौकशी केली. सदर नांगर चालत नाही. तो शेतीच्या कोणत्याही उपयोगाचा नाही. सबब तो गावात आणण्यास या कार्यालयाची हरकत नाही.'

साहेबांची सही त्याने स्वतः फिरून आणली. भला पोरगा. त्याला संत्र्यांची पेटी पाठवली मी, तीही निवडक मालाची.

विक्रमला कागद मिळाला तेव्हा तो फोनवर हसतच होता. "अहो, शेतीवाल्यांनी जहाजाच्या नांगराला ना हरकत दिली!"

"साहेब, हरकत नाही असं लिहिलंय ना?" मी म्हटलं. "कोणाची नाही, हे कुठे ठरलं होतं?"

त्याने खरंच वर बोलून घेतलं. मुंबईकडे संत्री टाकून एक गाडी रिकामी येत होती, तिला मी बंदराकडे वळवलं. जहाज ओढायला आलेली बोट धक्क्याला लागली होती, त्याच दिवशी नांगर गाडीत चढला. ड्रायव्हरने फोनवर विचारलं, मालाच्या बिल्टीवर काय लिहू? मी म्हटलं, जुना नांगर, एक नग. रस्त्यात दोन ठिकाणी पोलिसांनी ताडपत्री उचलून पाहिली आणि ड्रायव्हरला विचारलं, तुमच्याकडे बैल केवढे असतात?

गाडी गावात आली तेव्हा दुपार टळली होती. सगळं गाव जमलं होतं. वंदनाताई हार-नारळ घेऊन हजर, पंचायतीसमोरच्या चौकात ओटा बांधून तयार, उचलायला जेसीबी आणलेला. पण संघपालने हात जोडून एवढंच मागितलं होतं की आधी घरासमोर उतरवा, मायला पाहू द्या, मग न्या. जेसीबीने नांगर सुखदेवेंच्या दारात ठेवला. जमीन हादरली आणि कोंबड्या पळाल्या.

सिंधूताई काठी टेकत आल्या. त्यांनी नांगराभोवती एक चक्कर मारली, दोन्ही फाळ चाचपले, गंजावरून हात फिरवला. मग बोट जिभेला लावलं.

"खारट हाय," त्या म्हणाल्या.

"समुद्राचं मीठ, माय," संघपाल म्हणाला. ते मीठ होतं की लोखंडाची चव, कोण जाणे. पण मी यातूनही काही वजा केलं नाही.

"अन् बाकीचं जहाज?"

"याच्याहून लई मोठं होतं, माय. तोडाले गेलं."

"मंग ह्यानंच धरून ठेवलं का तुले, त्या तुफानात?"

"हो, माय. ह्यानंच."

सिंधूताईंनी मान हलवली आणि नांगराच्या दांड्यावर बसल्या. वंदनाताईंनी थोडं थांबून जेसीबीवाल्याला खूण केली. त्याने यंत्र सुरू केलं. म्हातारी उठेना.

"माय, आता चौकात नेतील," संघपाल म्हणाला.

"थांब गा." त्या वंदनाताईंकडे वळल्या. "सरपंचबाई, याचा बाप रोज दिवस बुडता नांगर तुमच्या दारात ठेवे, अन् मंग रिकाम्या हातानं घरी ये. त्याचा जन्म गेला त्याच्यात. आपल्या दारात नांगर मी आजच पाह्यला. जराक बसू दे."

 जेसीबी घुरघुरत होता. सिंधूताईंच्या आवाजात टोमणा नव्हता, मागणंसुद्धा फारसं नव्हतं. वंदनाताई रुपरावांच्या घरात सून म्हणून आल्या तेव्हा देवाजी नुकताच वारला होता, त्यांनी त्याला पाहिलेलंही नसेल. पण तो नांगर ज्या दारात ठेवला जायचा, ते दार त्यांच्या रोजच्या पायाखालचं. त्या खाली पाहत उभ्या राहिल्या. संघपाल आईशेजारी दांड्यावर जाऊन बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी पोट अगदी ठीक होतं.

वंदनाताईंनी हातातला हार नांगराला घातला आणि जेसीबीवाल्याला म्हणाल्या, "बंद कर. तो इथंच राहीन."

एक सदस्य पुढे झाला. "पन ताई, ठरावात चौकात बसवाचा लिहिलं आहे. वरून पाहाले आले तं?"

"मंग या जागेले चौक म्हणा."

"इथं कुठी चौक? ही तं गल्ली हाय!"

"मी सरपंच आहे का तुम्ही?" वंदनाताई म्हणाल्या, आणि नारळ तिथेच फोडला.

त्या गल्लीत आजही दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. पण गावात सगळे तिला चौकच म्हणतात, आणि नांगर सिंधूताईंच्या दारात आहे.